बिनभाड्याचं सरकार

लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी माझी नोकरी गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं सगळे म्हणतात. मला मात्र तो वाटत आला आहे. गावाला बढती मिळाली, आणि कुठंतरी हिशेब जुळावा म्हणून मला घरी बसवलं.

मी सिद्रामप्पा शेठच्या तेलाच्या मिलमध्ये होतो. हुद्दा मुनीम, पण शेठ परगावी गेले की मॅनेजर. शेठना देवदर्शनाची आवड फार, त्यामुळं वर्षातले बरेच दिवस मी मॅनेजरच असायचो. मग दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही. भुईमूग आला नाही, करडई आली नाही, जे काही आलं ते पिकवणाऱ्यानंच खाल्लं. शेठनी हमालांना आवारात गोळा केलं आणि बाजारात मंदी आहे असं सांगितलं. मंदी म्हणजे काय, असं एका हमालानं विचारल्यावर उद्यापासून येऊ नका असा तिचा सोपा अर्थही सांगितला. मला त्यांनी तेच सांगितलं, पण आत बोलावून, खुर्चीवर बसवून, चहा पाजून. माणसाची इज्जत कशी राखावी हे त्या शेठकडून शिकावं.

चाळिशीतल्या माणसानं घरी बसणं अवघड काम आहे. सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आपण तयार होतो आणि मग लक्षात येतं की आपण नुसतेच तयार आहोत. आमची मंडळी, शिवगंगा, बोलायची काही नाही. फक्त झाडताना मला पाय वर घ्यायला सांगायची. दिवसातून चारदा झाडायची.

अशा वेळी वीरण्णा मदतीला आले. वीरण्णा आमचे शेजारी, त्यांचं गोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान. दुष्काळात कापडाला गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळं त्यांच्याकडं सल्ल्याचा साठा भरपूर होता. त्यांचं म्हणणं असं की खाजगी नोकरीचे दिवस संपले. नवा जिल्हा म्हणजे पन्नास ऑफिसं, पन्नास ऑफिसं म्हणजे हजार खुर्च्या. पण सध्या या ऑफिसांपाशी नुसता हुकूम आहे, डोक्यावर छप्पर नाही. उस्मानाबादहून टेबलं निघालीत आणि ती ठेवायची कुठं हे कुणालाच ठाऊक नाही. आपण एका ऑफिसाला घरात, दारालगतच्या ओसरीवर म्हणजे ढाळजंत, जागा द्यायची.

"अप्पा, साहेब रोज तुमच्या ढाळजंत बसून राहिला, तुमचंच तोंड बघून राहिला," वीरण्णा म्हणाले, "तर उद्या जागा निघाल्यावर त्याला कोण आठवंल? गावातली मानसं का तुम्ही?"

या युक्तिवादात मला खोट दिसेना. शिवगंगेला दिसली, पण ती मी विचारात घेतली नाही, कारण ती वीरण्णांनी आधीच खोडून काढली होती. तिचा प्रश्न होता, भाडं किती देणार. वीरण्णांच्या मते भाडं मागणारा माणूस नोकरी मागू शकत नाही.

चार दिवसांनी ते भुजंगराव साहेबांना घेऊन आले. साहेब पन्नाशीचे, सफारीतले, बिऱ्हाड उस्मानाबादलाच ठेवून आलेले. जिल्ह्याच्या वाटणीत आपण लातूरच्या वाट्याला आलो याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. त्यांच्या कचेरीचं नाव होतं जिल्हा रोजगार पुनर्स्थापन कार्यालय. दुष्काळानं आणि मंदीनं ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना त्या परत मिळवून देणं आणि किती मिळवून दिल्या ते दर पंधरवड्याला औरंगाबादला कळवणं, असं दुहेरी काम. घर दाखवता दाखवता मी माझ्या अनुभवाविषयी बोलत होतो. साहेबांनी भिंती पाहिल्या नाहीत, माळवद पाहिलं नाही. थेट मागच्या अंगणात जाऊन ते आमच्या आडावर वाकले, एक खडा टाकला आणि कान लावून उभे राहिले. खाली डुबुक असा आवाज झाला. तेव्हा लातुरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि निम्म्या गावाचे आड कोरडे पडले होते.

"जागा जनहिताच्या दृष्टीनं योग्य आहे," साहेब म्हणाले.

माझ्या बोलण्याची छाप पडली असं मला वाटलं, आणि तसं मी वीरण्णांना सांगितलंही.

ठरलं होतं ते असं की दर्शनी ढाळज आणि लगतची खोली त्यांची. भाड्याचा प्रस्ताव वर जाईल तेव्हा जाईल. तोंडी आणखीही एक ठरलं होतं. कचेरीला कारकुनाची एक नवी जागा मंजूर व्हायची होती, आणि ती झाली की 'तुमचं बघू' असं साहेबांनी म्हटलं होतं. 'बघू' या शब्दावर मी पुढचे आठ महिने काढले.

आधी पाटी आली. नाव एवढं लांब की पाटीनं खिडकी झाकली आणि आतल्या खोलीत दिवसा दिवा लावायची वेळ आली. पाठोपाठ शेषेराव नावाचे एक कारकून आणि ग्यानोबा नावाचा देवणीकडचा शिपाई आला. मग उस्मानाबादहून एक ट्रक आला. भाऊ वेगळे झाले की धाकट्याच्या वाट्याला पोचे आलेली भांडी येतात, तसं आमच्या कचेरीच्या वाट्याला जुनं दप्तर आलं होतं. त्यात रोजगाराचं काही नव्हतं. निम्मं निजामाच्या काळातलं होतं, बरंचसं टोळधाडीविषयी होतं. पण सरकारी कागद अंगणात ठेवता येत नाही. ती कपाटं माजघरात गेली. माजघरातलं आमचं सामान स्वयंपाकघरात गेलं. आम्ही नवराबायको आणि आमची मुलगी उमा रात्री माळवदावर झोपू लागलो. पाऊस नसल्याचा फायदा झालेलं अख्ख्या जिल्ह्यात आमचं एकच घर असेल.

एकदा मी बाजारातून येऊन माझ्याच दारातून आत शिरत होतो, तर ग्यानोबानं हात आडवा केला. साहेब मीटिंगमध्ये आहेत, चिठ्ठी द्या म्हणाला. मी म्हटलं, अरे मी घरमालक. तो म्हणाला, हाव, ठाऊक हाय, पण चिठ्ठी द्यावी लागंल. मी चिठ्ठी दिली. 'कामाचे स्वरूप' या ओळीत 'जेवण' असं लिहिलं. पुढं मी मागच्या बोळातून ये-जा सुरू केली. जमिनीवरचा हक्क सोडला असा त्याचा अर्थ नव्हे. चिठ्ठ्या संपत आल्या होत्या.

आडाचंही तसंच झालं. आधी साहेबांची बादली, मग शेषेरावांच्या घरच्या घागरी, मग शेजारच्या दोन नव्या कचेऱ्यांचे शिपाई. मी या प्रश्नावर एक समिती नेमावी असा विचार करून राहिलो होतो, तेवढ्यात शिवगंगेनं पदर खोचला आणि आडाशेजारी जाऊन उभी राहिली. माणशी दोन घागरी, आणि रांग मोडली तर एकही नाही. कलेक्टर कचेरीतला एक अव्वल कारकून तिथं कुरकुरला, तर त्याची घागर तिनं उपडी ठेवली. दुसऱ्या दिवशी तो रांगेत सर्वांत आधी उभा होता.

आणि बेकार येऊ लागले. निलंग्याचे, औशाचे, मिलमधले आमचे जुने हमाल, गिरणीतून सुटलेले, दुकानातून काढलेले. एक तर थेट किनवटहून आला. त्याचा जिल्हा नांदेड, पण नव्या जिल्ह्यात नोकऱ्याही नव्या कोऱ्या असतील असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. भुजंगराव साहेब शुक्रवारी दुपारी उस्मानाबादला जात ते मंगळवारी उगवत. शेषेराव टोळधाडीचं दप्तर लावण्यात बुडालेले. तेव्हा या लोकांशी बोलायला मीच बसू लागलो. धुतलेल्या शर्टाला अखेर काम मिळालं. कोण काय शिकलाय, कुठं होता, किती ओझं उचलतो, दारू पितो का, खरं बोलतो का, हे सगळं मी विचारायचो. लोक मला साहेब म्हणायचे. मी ते दुरुस्त करत नव्हतो. सरकारी कामकाजात जनतेचा उत्साह मोडू नये.

याच सुमारास सिद्रामप्पा शेठचा निरोप आला. शेठनी नवीन धंदा काढला होता. बाहेरून पिंपांनी तेल आणायचं आणि डब्यांत भरून विकायचं. मिल सुरू होतेय, मुनीमजींना बोलवा, असा सरळ निरोप. वीरण्णांचं मत पडलं की लगेच गेल्यानं किंमत कमी होते. शेठला वाट पाहू द्यावी, शिवाय सरकारी जागा आज-उद्यावर आली असताना तेलाच्या डब्यात हात कोण घालतो. मला हे पटलं. शासकीय कामाच्या व्यापातून सवड मिळाल्यास भेटतो, असं मी कळवलं.

"शासकीय काम म्हंजी काय?" शिवगंगेनं विचारलं. "ग्यानोबाच्या चहाला आलं आनून देनं का?"

घरात पद आणि बाहेर पद यांतला फरक बायकांना समजावण्यात शहाणपण नसतं.

महिनाभरानं मात्र मी साहेबांकडं विषय काढला. त्यांनी मला बसायला सांगितलं, म्हणजे माझ्याच खुर्चीवर, आणि दुष्काळामुळं नवीन भरतीवर बंदी आल्याचं सांगितलं. मी म्हटलं, बंदी कधीतरी उठेलच. साहेबांनी चष्मा काढला.

"उठेल हो. पण अप्पासाहेब, वयाची अट अठ्ठावीस आहे. तुम्ही चाळीस."

हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत, असं साहेब म्हणाले आणि ते खरं होतं. आठ महिन्यांत मी त्यांना सगळं सांगितलं होतं, विचारलं काहीच नव्हतं.

त्याच दुपारी मी मिलवर गेलो. शेठ देवदर्शनाला गेले होते. माझ्या खुर्चीवर वीरण्णांचा जावई बसला होता. उठून उभा राहिला, पाया पडला, चहा मागवला. मुलगा चांगला आहे. त्यामुळं मला जास्त राग आला. संध्याकाळी वीरण्णांना गाठलं, तर ते अजिबात वरमले नाहीत. तुम्हीच न्हाई म्हनालात, म्हणाले. जागा मोकळी राहून खराब होऊन राहिली होती.

म्हणजे खाजगी क्षेत्रात मी उशिरा पोचलो होतो आणि सरकारी क्षेत्रात बारा वर्षं उशिरा. घरात माझ्या नावे उरली होती ती स्वयंपाकघराची एक भिंत आणि माळवदावरची गादी.

तरी साहेबांना माझी गरज पडलीच. औरंगाबादहून वरिष्ठ साहेब तपासणीला येणार होते. गेले आठ महिने भुजंगराव दर पंधरवड्याला नोकऱ्या पूर्ववत होत असल्याचं कळवत होते. आता वरिष्ठांना त्यांतला एक माणूस डोळ्यांनी बघायचा होता. भुजंगरावांनी माझा हात हातात घेतला. मी फक्त उभं राहायचं, नोकरी गेली होती ती परत लागली एवढं म्हणायचं. पुढं वयाची अट शिथिल करण्याच्या दृष्टीनं याचा उपयोग होईल, असंही म्हणाले. मी लग्नातला कोट काढला. बटणं लागत नव्हती, पण उघड्या कोटातही माणूस नोकरदार दिसतो.

वरिष्ठ साहेब आले, बसले. मला पुढं केलं गेलं.

"कुठं नोकरी लागली?"

"इथंच," मी म्हणालो.

"हुद्दा काय?"

मी भुजंगरावांकडं पाहिलं. भुजंगराव छताकडं पाहत होते. मी घसा खाकरला, तेवढ्यात शिवगंगा पाण्याचा तांब्या घेऊन आली. वरिष्ठांना वाटलं हीपण कर्मचारी. त्यांनी कौतुकानं विचारलं, बाई, तुम्ही कधीपासून आहात या कार्यालयात?

"मी न्हाई कार्यालयात," शिवगंगा म्हणाली. "कार्यालय माझ्या घरात हाय. ह्यांना नोकरी लागली न्हाई साहेब. हे घरीच असतेत. आमी सैपाकघरात राहून राहिलो आन् तुमची मानसं आठ महिन्यांपासून बिनभाड्यानं बसून राहिलीत."

तिनं आवाज चढवला नाही. पाणी द्यावं तसं ते दिलं. वरिष्ठ साहेब उठले आणि आत गेले. त्यांनी आमच्या पिठाच्या डब्यावर ठेवलेल्या उशा पाहिल्या, कपाटामागं अडकलेला देव्हारा पाहिला, आणि बाहेर येऊन भुजंगरावांशी इंग्रजीत बोलले. इंग्रजीत म्हणजे रागावले असावेत. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून पचलेला नाही. आठ दिवसांत जागा खाली करण्याचा हुकूम आला.

मी शिवगंगेशी दोन दिवस बोललो नाही. खोटं बोललो याची मला लाज नव्हती. मी कोट घालून खोटं बोलत असताना ती खरं बोलली, याची होती. तिसऱ्या दिवशी बोललो, कारण टॉवेल सापडेना.

कचेरी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. पण बेकारांना हाच पत्ता पाठ होता. शिवाय नव्या जागेत पाणी नव्हतं, आणि दोन कोस चालत आलेला माणूस आधी पाणी बघतो. सकाळी पाहावं तर ढाळजंत पंधरा-वीस जण बसलेले. कचेरी गेली म्हणून सांगितलं तरी उठेनात. शिवगंगा म्हणाली, नुसतं बसून राहिलात, त्यांच्याशी बोला तरी. मी बसलो. शर्ट साधाच होता. साहेब कुणी म्हणेना, अप्पा म्हणू लागले.

आणि एका सकाळी खुद्द सिद्रामप्पा शेठ दारात उभे. घामाघूम, उपरण्यानं मान पुसत. सोलापूर-हैदराबादहून डब्यांची मागणी आली होती आणि माणसं नव्हती. जुने हमाल कुणी मुंबईला गेले, कुणी रस्त्याच्या कामावर. नवीन आणावीत तर कोण कसा हे जावईबापूंना कळत नव्हतं. मला मात्र ढाळजंतला एकेक जण ठाऊक होता. कोण पाठीत दुखतं म्हणतो ते खरं, कोण सकाळचा चांगला आणि संध्याकाळी निरुपयोगी. मी अकरा जण काढून दिले. किनवटचाही त्यात होता. अकराही टिकले.

शेठ म्हणाले, तुम्हीही या, यांना सांभाळायला कुणीतरी पाहिजे. पद मुकादमाचं, जावईबापूंच्या हाताखाली. मी शांतपणे म्हणालो की विचार करून कळवतो. आतून शिवगंगा म्हणाली, उद्या आठला येतील. शेठनी मान डोलावली आणि गेले. मंदी अशी संपली. आमच्या गल्लीत तरी अशीच संपली. आणि मनाशी मी कबूल केलं की अखेर माणसाच्या लायकीला जग ओळखतं. शेठसारखा शेठ उन्हातान्हात माझ्या दारी आला.

त्यानंतर काही आठवड्यांनी, रविवारी, भुजंगराव आले. बारीक झाले होते. ढाळजंत पाहुण्यासारखे टोकाला बसले. बऱ्याच वेळानं विषय निघाला. त्या अकरा जणांची नोकरी त्यांना आपल्या कचेरीच्या कामात दाखवायची होती. नाहीतर वर्षभरात एकही नाही असं कळवावं लागलं असतं. त्यांनी पिशवीतून छापील नमुना काढला. दोन रकाने होते. नोकरी कुणामार्फत मिळाली: खाजगी क्षेत्र, सरकारी क्षेत्र.

मला नाही म्हणायचा पूर्ण अधिकार होता आणि मी तो वापरणारच होतो. पण शिवगंगेनं त्यांच्यासमोर चहा ठेवला.

"लिहा की," ती म्हणाली. "तुमचंबी पोट हाय. पन नीट लिहा. अकरा जनांना ह्यांनी लावलं."

भुजंगरावांनी लिहिलं. मग हळूच विचारलं, "आणि अप्पासाहेबांना? शेठनी बोलावलं, म्हणजे खाजगी?"

"शेठनी न्हाई," शिवगंगा म्हणाली. "शेठच्या घरचा आड आटलाय. उन्हाळ्यापासून शेठानीला, महादेवी अक्काला, रोज दोन घागरी मी देऊन राहिले. एक दिवस तिला म्हनलं, अक्का, आमचे हे घरी बसून बेजार झालेत, शेठला सांग. तिनं सांगितलं."

मी चहाच्या कपात पाहू लागलो. साखर बरोबर होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, हातातलं फडकं पिळत होती, आणि एवढ्या दिवसांत हे तिनं मला ऐकवलं नव्हतं. ऐकवलं असतं तर मी आठला गेलो नसतो, हे तिला ठाऊक असणार.

"ह्यांना मी लावलं," ती म्हणाली. "ते लिहा."

भुजंगरावांनी नमुन्याकडं पाहिलं, या रकान्याकडं, मग त्या रकान्याकडं. मग पेनाला टोपण लावून त्यांनी ते खिशात ठेवलं. त्यांच्या नमुन्यात बायको असा रकाना नव्हता.